खोलीत न मावणारी गोधडी आणि इंकस्केप

आमची खोली दहा बाय बाराची, लालबागला, दुसऱ्या मजल्यावर. साठ बाय नव्वद इंचांची गोधडी जमिनीवर मांडायची म्हणजे अर्धी खोली गेली. आधी कॉट उभी करायची, मशीन मोरीच्या बाजूला सरकवायचं, सासूबाईंना गॅलरीत खुर्ची टाकून द्यायची. तुकडे मांडत आणावेत तर कुकरची शिट्टी होते आणि मांडणीतूनच पाय टाकत जावं लागतं. रात्री झोपायला जागा हवी म्हणून सगळं गोळा करायचं आणि सकाळी परत पहिल्यापासून. गावाला वाकळ अंगणात पसरून ठेवतात, चार दिवस ती तिथेच असते, जाता-येता एखादी बाई चिंधी इकडची तिकडे करते. मुंबईत ते अंगण कुठून आणायचं, हा माझा गेल्या अकरा वर्षांचा प्रश्न. ऑर्डरच्या गोधड्या शिवायला लागले तेव्हापासूनचा.

ते अंगण मला इंकस्केपने दिलं, म्हणून हे लिहायला बसले. दीड वर्ष वापरते आहे. माझ्यासारख्या घरातून गोधड्या, दुपटी शिवून देणाऱ्या बऱ्याच जणी आहेत आणि ‘कॉम्प्युटरवर डिझाइन’ म्हटलं की त्यांना ते फॅशन कॉलेजचं काम वाटतं. तसं नाही.

इंकस्केप हा रेघा-आकार काढायचा प्रोग्रॅम आहे. फुकट आहे आणि मुक्त-स्रोत आहे, म्हणजे जगभरची माणसं मिळून तो घडवतात आणि कुणीही उतरवून घेऊ शकतं. २००३ साली सोडिपोडी नावाच्या एका जुन्या प्रोग्रॅममधून तो वेगळा झाला. विंडोजवर चालतो, मॅकवर चालतो, लिनक्सवरही चालतो. भाच्याने नवीन लॅपटॉप घेतला तेव्हा जुना मला दिला, त्याच्यात चारच जीबी रॅम आहे, तरी काम होतं. मात्र तो गोधडीसाठी केलेला नाही, हे पहिल्यांदाच लक्षात घ्या. खास क्विल्टसाठीच केलेलं सॉफ्टवेअर म्हणजे इलेक्ट्रिक क्विल्ट. अमेरिकेत ओहायोमधल्या बोलिंग ग्रीन गावातली कंपनी १९९१ पासून ते काढते आहे. त्यात हजारो तयार नमुने मिळतात, कापड किती लागेल याचा हिशोब ते स्वतः करतं. ज्यांचं काम दुकानातून नवं कापड मीटरवर आणून होतं, त्यांनी तिकडे जरूर बघावं. माझ्याकडे कापड येतं ते पिशवीतून. कुणाच्या आजीची इरकल, कुणाच्या वडलांचे शर्ट, मध्येच विरलेलं, कुठे रफू केलेलं. या कापडाचा हिशोब वेगळा असतो. तो मला माझ्या हाताने मांडायचा होता आणि त्यासाठी कोरं पान देणारा प्रोग्रॅम जास्त सोयीचा पडला.

कसं करते ते एका ऑर्डरवरून सांगते.

गिरगावातल्या एक ताई मागच्या श्रावणात पिशवी घेऊन आल्या. आजीची लाल नऊवारी इरकल, आजोबांचं पांढरं धोतर आणि आईचं बाटली-हिरवं सुती पातळ. मुलगी शिकायला परगावी निघाली होती, तिला सोबत द्यायची होती. त्यांच्या मनात लाल-हिरवी भिंगरी होती. भिंगरी म्हणजे एका चौकोनात आठ त्रिकोण, एक गडद एक फिका असे फिरत जाणारे. मला म्हणाल्या, “काकू, तुम्हाला सुचेल तसं करा, पण आजीचं लुगडं वाया जाऊ देऊ नका.” असं कुणी म्हटलं की मला कात्री हातात घ्यायची भीती वाटते. दुकानातलं कापड चुकलं तर हिंदमाताला जाऊन दुसरं आणता येतं. हे कुठून आणणार?

पहिलं काम म्हणजे फोटो. कापड सपाट करून, इस्त्री फिरवून, खिडकीच्या उजेडात, बाजूला टेप ठेवून फोटो काढायचा. फोटोतला बरोबर दहा इंचांचा चौकोन कापून तो इंकस्केपमध्ये आणायचा आणि वरच्या पट्टीत रुंदी-उंची दहा-दहा इंच लिहायची. मग ‘ऑब्जेक्ट’ मेनूत ‘पॅटर्न’खाली ‘ऑब्जेक्ट्स टू पॅटर्न’. आता ते कापड रंगासारखं कुठल्याही आकारात भरता येतं आणि खऱ्या मापात भरलं जातं. म्हणजे इरकलीच्या अंगावरच्या बारीक रेघा पाच इंचांच्या त्रिकोणात किती दिसतील, तेवढ्याच पडद्यावर दिसतात. नुसता लाल रंग भरून हे कळत नाही. फोटो मात्र आधी लहान करून घ्या. फोनचा फोटो आहे तसा टाकला तर माझ्या लॅपटॉपसारखं जुनं मशीन दमतं.

पानाचं माप ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज’मध्ये इंचांत साठ बाय नव्वद केलं, पाव इंचाची जाळी आखली. टक्क्याच्या चिन्हाची कळ दाबली की टोकाला टोक चिकटणं चालू-बंद होतं. ते चालू ठेवा, नाहीतर त्रिकोणांमध्ये केसाएवढ्या फटी राहतात आणि पुढे मोजणी चुकते. एक भिंगरी काढली. तिचे आठ त्रिकोण एकत्र गट करून ‘क्रिएट टाइल्ड क्लोन्स’ उघडलं, आडव्या सहा, उभ्या नऊ सांगितल्या. चोपन्न भिंगऱ्या एका झटक्यात मांडल्या गेल्या. पाच क्रमांकाची कळ दाबली की पूर्ण पान खिडकीत बसतं. त्या दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाक करत होते, आणि मशीनवर ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये सबंध गोधडी पसरलेली होती. कॉट जागेवर, सासूबाई कॉटवर. रात्री झाकण मिटलं, सकाळी उघडलं, एक तुकडाही हललेला नव्हता.

क्लोनचा गुण असा की मूळ भिंगरी बदलली की चोपन्नही बदलतात. ताईंना फोनवर चित्र पाठवलं, त्यांना आवडलं. मलाही आवडलं. पण काहीतरी खुपत होतं. लांबून बघितलं की भिंगऱ्या फिरताना दिसेनात, नुसता एक गडद पट्टा दिसायचा. मग ‘व्ह्यू’ मेनूतून चित्र काळं-पांढरं करून बघितलं. लाल आणि हिरवा दोन्ही जवळजवळ एकाच राखाडी रंगाचे झाले. भिंगरी गायबच. रंग वेगळे होते, पण गडदपणा एक होता. आकार डोळ्याला दिसतो तो गडद-फिक्याने, हे मी इतकी वर्षं हाताने करत आले, पण असं उघडं करून कधी बघितलं नव्हतं. हिरव्याच्या जागी धोतराचा पांढरा भरला आणि चोपन्न भिंगऱ्या एकदम फिरायला लागल्या. हिरवं पातळ गेलं अस्तराला. ताईंना दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी, काळी-पांढरी करून पाठवली. त्यांनी लगेच होकार दिला. जमिनीवर मांडून हे कळलं असतं, पण तोपर्यंत आईच्या पातळाचे शंभर तुकडे झालेले असते.

आता कापडाचा हिशोब. हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

दहा इंचांच्या भिंगरीत पाच-पाच इंचांचे चार चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोन एका गडद, एका फिक्या त्रिकोणाचा. मी त्रिकोण सुटे कापत नाही. त्रिकोणाची तिरकी कड उरेबावर, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरपी येते, ती ओढली जाते आणि कोपरे जुळत नाहीत. एक गडद आणि एक फिका चौकोन समोरासमोर ठेवायचा, खडूने कर्ण आखायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सोडून टीप मारायची, मग मधोमध कापायचं. दोन चौकोनांतून दोन तयार जोड मिळतात. त्यासाठी चौकोन कापताना शिवून हव्या असलेल्या मापात सात सूत जास्त घ्यायचे. चार सूत दोन्हीकडच्या मायेचे, म्हणजे कडेच्या शिवणीत जाणाऱ्या कापडाचे, उरलेले तीन त्या कर्णावरच्या शिवणीत जातात. म्हणजे पाच इंचांसाठी ५ इंच ७ सुतांचा चौकोन. चोपन्न भिंगऱ्यांना असे १०८ लाल चौकोन लागणार.

इरकलीचे दोन्ही काठ उतरवल्यावर पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, राहिला ४१ इंच. लुगडं नऊवारी असलं तरी आजीने ते नेसून नेसून वापरलेलं. बसायचा भाग विरलेला, निऱ्यांच्या घड्यांवर चिरा. उजेडासमोर धरून चांगला भाग खडूने वेगळा केला तो भरला ९६ इंच लांब. हा ९६ बाय ४१ चा आयत इंकस्केपमध्ये काढला आणि त्यात चौकोन बसवायला घेतले. आडवे सहा बसले. सातवा बसेना. सात चौकोनांना ४१ इंच १ सूत हवं होतं. एका सुताने सातवा हुकत होता! सहाच्या ओळीने १०८ चौकोनांना अठरा ओळी लागतात, त्यांना १०५ इंचांच्या वर लांबी लागते, आणि माझ्याकडे ९६.

कागदावर मी इथेच हात टेकले असते आणि ताईंना सांगितलं असतं की दुसरं लाल कापड जोडावं लागेल. पडद्यावर मात्र भिंगरी लहान करून बघायला काही खर्च येत नाही. साडेनऊ इंचांची केली. चौकोन झाला ५ इंच ५ सुतांचा. आता पन्ह्यात सात बसले, वर दीड इंच शिल्लक. सातच्या ओळीने सोळा ओळी, त्यांना बरोबर ९० इंच. लुगडं पुरलं, सहा इंच उरलंही.

भिंगरी अर्धा इंच लहान झाली तशी गोधडी ५७ बाय साडेपंच्याऐंशी झाली. कमी पडलेलं माप कुठून भरून काढायचं याचा विचारच करावा लागला नाही, कारण उतरवलेले काठ तिथेच बाजूला काढलेले दिसत होते. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच, वर-खाली सव्वादोन-सव्वादोन. साठ बाय नव्वद पुरी झाली आणि इरकलीचा काठ चारी कडांना, जिथे तो शोभतो तिथे आला. मी मोरीवर भांडी घासत असलेल्या सुनेला हाक मारून दाखवलं, इतका आनंद झाला होता.

तुकड्यांची मोजणी अशी करते. फाइलची एक प्रत काढायची, तीत शिफ्ट-आल्ट-डीने क्लोन सुटे करायचे, गट सोडायचे, मग एक लाल त्रिकोण निवडून ‘सिलेक्ट सेम’मधून ‘फिल कलर’. खालच्या पट्टीत किती आकार निवडले तो आकडा येतो. प्रत काढल्याशिवाय हे करू नका, क्लोन एकदा सुटे झाले की मूळ बदलून सगळे बदलण्याची सोय गेली.

माया प्रोग्रॅमला माहीत नाही. ती आपणच सांगायची. साच्याचा आकार काढून त्याला ‘लाइव्ह पाथ इफेक्ट’मधला ‘ऑफसेट’ लावायचा, दोन सूत म्हणजे पाव इंच, आणि जोडाच्या पर्यायात ‘मायटर’ निवडायचा, म्हणजे कोपरे टोकदार राहतात, गोल होत नाहीत. कापडाचा उभा धागा कुठे, उरेब कुठे, हेही तो जाणत नाही. मी प्रत्येक साच्यावर एक बाण काढून ठेवते. त्यावर देवनागरीत लिहिता येतं, तेव्हा ‘इरकल, उभा धागा’ असं स्वच्छ लिहिते. २०२२ च्या मे महिन्यात आलेल्या १.२ आवृत्तीपासून एका फाइलमध्ये अनेक पानं ठेवता येतात. आता माझ्या प्रत्येक ऑर्डरला पहिल्या पानावर मांडणी, दुसऱ्यावर कापडाचा हिशोब आणि तिसऱ्यावर साचे असतात.

छपाईचं एक सांगितलंच पाहिजे. सुरुवातीच्या काळात एका दुपट्यासाठी सहा इंचांच्या चौकोनाचा साचा मी स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला. तिथल्या मुलाने ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू ठेवून छापला आणि चौकोन पावणेसहाचा आला. बावीस तुकडे कापून झाल्यावर शिवायला घेतले तेव्हा कळलं. एका लहानग्याच्या बारशाचं काम होतं, दोन दिवसांवर आलेलं. नवं कापड आणून रात्री जागून पुरं केलं, पण ते बावीस तुकडे अजून माझ्या डब्यात आहेत. तेव्हापासून प्रत्येक साच्याच्या पानावर पाच इंचांची एक रेघ काढते आणि शेजारी लिहिते, ‘ही रेघ पाच इंच असेल तरच कापा’. छापताना मापाच्या रकान्यात शंभर टक्के सांगायचं आणि दुकानातच टेप लावून बघायचं. लाजू नका. टेप पिशवीत ठेवा.

आता धावदोरा. आमच्या सासूबाई सातारकडच्या, वय एक्क्याऐंशी. लग्न होऊन गिरणगावात आल्या तेव्हा मामंजी गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला त्यानंतर घर चाललं ते त्यांच्या शिवणावर. त्या कडेकडेने टाके घालत सुरू करतात आणि आत आत येत मधोमध संपवतात. त्यांना आखणी लागत नाही, बोटाच्या पेराएवढं अंतर डोळ्यानेच राहतं. त्यांनी लॅपटॉपवरची गोधडी बघितली, चष्मा पुसून परत बघितली आणि विचारलं, “ह्यात दोरा कुठाय?” प्रश्न बरोबर होता. गोधडी धरून राहते ती धाग्यावर, आणि मी नुसती ठिगळं मांडली होती.

म्हणून बाहेरच्या कडेपासून अर्ध्या-अर्ध्या इंचावर एकात एक आयत काढत मधोमध आले. ‘एक्स्टेन्शन्स’मध्ये रेघेची लांबी मोजायची सोय आहे, ‘मेझर पाथ’. सगळ्यांची बेरीज आली १०,८०० इंचांच्या आसपास. म्हणजे तीनशे वार. एका गोधडीत तीनशे वार हाताचा धावदोरा! मी तासाला साधारण दहा वार घालते, म्हणजे नुसता दोरा तीस तासांचा. इतकी वर्षं मी गोधडीचे पैसे समोरच्याच्या तोंडाकडे बघून सांगत होते. बाई जास्त बोलली की दोनशे कमी करत होते. आता तास मोजून सांगते. त्या ताईंना हे पान दाखवलं, त्यांनी एक शब्द कमी करायला सांगितला नाही. बायकांच्या हाताच्या कामाला आकडा नसतो म्हणून ते स्वस्तात जातं, असं मला फार वाटतं, आणि हे एक पान त्यासाठी मी सगळ्यांना दाखवत असते.

पडद्यावर जे कळत नाही तेही सांगते. धावदोऱ्याने कापड आकसतं. माझ्या हाताला नव्वदात दीड-दोन इंच जातात, सासूबाईंच्या घट्ट टाक्याला आणखी. ज्यांना मापात हवी त्यांच्यासाठी कड तेवढी वाढवून घ्यावी लागते आणि ते प्रत्येकीने आपल्या हातावरून ठरवायचं. विरलेलं कापड फोटोत चांगलंच दिसतं, ते बोटांत धरूनच तपासायचं. आणि वजन. मुंबईत पंखा लावून पांघरायची गोधडी दोन थरांची पुरते, गावच्यासारखी पाच थरांची केली तर ती जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाळतच नाही, कुबट वास धरते. किती थर घालायचे ते घराची खिडकी कुठल्या बाजूला आहे हे विचारून मी ठरवते.

शिकायला मला तीन आठवडे लागले, दुपारी दोन ते चार. इंग्रजी मेनू वहीत मराठीत लिहून काढले. सुरुवात करणाऱ्यांनी साडीची गोधडी घेऊ नये. चार चौकोनांची एक उशी आखावी, छापावी, मांजरपाटावर कापून शिवावी. माप जुळलं की पुढे जावं. ज्यांना नुसती ठिगळं जोडत जायला आवडतं, हाताला येईल ते पुढे लावत, त्यांना या सगळ्याची गरज नाही. सासूबाईंची वाकळ तशीच होते आणि ती माझ्याहून सुंदर असते. पण दुसऱ्याचं, परत न मिळणारं कापड हातात असेल आणि खोली दहा बाय बाराची असेल, तर इंकस्केप शिकाच.

त्या गोधडीत उरलेली सहा इंचांची लाल पट्टी आणि शेवटच्या ओळीतले चार चौकोन मी ताईंना गोधडीबरोबर पिशवीत परत दिले होते. परवा त्या पुन्हा आल्या, तीच पिशवी घेऊन. धाकटीलाही आजीचं काहीतरी हवं आहे. चार चौकोनांचा उशीचा अभ्रा होतो का बघते म्हटलं. फाइल उघडून ठेवली आहे, धोतराचे तुकडे अजून मोजायचे आहेत.